फुईच्या खळ्यातले पाहुणे

कापूस फुटला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना आता ते पाठ झालं आहे. दिवाळी सरते, तापीकाठची शेतं पांढरी होतात, येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात आणि मी ओट्यावर बसून चरफडत असते. सून सगळ्यांना सांगते, आईंना कापूस सोसत नाही. खरं आहे ते. शिंका येतात, नाकात तंतू जातात, मानेला खाज सुटते. डॉक्टरांनी त्यावर गोळी दिली आहे. चिडण्यावर मात्र त्यांच्याकडे काही नव्हतं.

यंदा पुण्याच्या नातीने त्यात भर घातली. ती आणि नातजावई फिरायला गेले आणि कुत्रा ठेवला एका बाईंकडे. त्या बाईंचा तो धंदाच आहे. घरात आठ-दहा कुत्री असतात, काही मुक्कामाला, काही नोकरीवाल्यांची, नुसती दिवसभरापुरती. रोज संध्याकाळी त्या व्हिडिओ पाठवतात आणि नात तो मला पाठवते. गादीवर लोळणारा कुत्रा, त्याच्या पोटावरून हात फिरवणाऱ्या बाई, मागे भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी. नात फोनवर म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

"कुठे?"

"आपल्या खळ्यात."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

त्या खळ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असतात. पूर्वी तिथे ज्वारी मळायची, तूर झोडपायची. गावाच्या बाहेर, नदीकडे जाणाऱ्या गाडवाटेला लागून. कोपऱ्यात अवजारांची एक मातीची खोली होती. ती खोली एक हंगाम फुईची होती. माझ्या लेखी ती अजूनही तिचीच आहे, पण माझ्या म्हणण्याला सातबारावर जागा नाही.

फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची, धाकटी बहीण. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. मी तिच्या भाच्याची बायको, तरी मीही फुईच म्हणायची. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा मी या घरात नवी नवरी म्हणून आले. आमचं घर गुजर. कधीकाळी गुजरातेतून येऊन तापीकाठी स्थिरावलेलं. मोठे आपसांत कधी गुजरी बोलायचे, पण एरवी घरात, गड्यांशी, गावाशी अहिराणीच. मांस-मच्छीचं नुसतं नाव निघालं तरी सासूबाई पदराने तोंड पुसायच्या. आबा गावातले मोठे शेतकरी. कापूस, केळी, ऊस, दोन विहिरी, आणि चारचौघांत शब्दाला वजन. फुईच्या नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं, त्यालाही मी येईपर्यंत बरीच वर्षं झाली होती. ती धान्याच्या कणग्यांमध्ये झोपायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. पाहुण्यांशी ओळख करून देताना आबा म्हणायचे, "ही आमच्याकडेच असते." नाव सांगायचे नाहीत.

कुत्र्यांचं सुरू झालं ते अगदी सहज. नदीकडे कसलीशी मोजणी चालली होती. त्या इंजिनियरांच्या बायकोला तातडीने माहेरी जायचं होतं आणि तिचा पांढरा, केसाळ, मांजराएवढा कुत्रा मोटारीत ओकायचा. कुणी ठेवून घेईना, म्हणून बाई विचारत विचारत आमच्या ओट्यापर्यंत आल्या. फुई पाणी द्यायला पुढे आली होती. "ऱ्हावा द्या बाई," ती म्हणाली, "मी देखसू त्याले. फक्त साहेबना आंगवरना एक कपडा द्या, न धोयेल. त्याना वासवर तो झोपी जाई." बाई हसल्या, पण त्यांनी दिलं एक बनियन. कुत्रा त्यावर नाक खुपसून झोपला तो सकाळीच उठला. बाई परत आल्या, कुत्रा गुबगुबीत झालेला पाहिला आणि फुईच्या हातात पैसे ठेवून गेल्या. फुई ते पैसे मुठीत घेऊन बराच वेळ चुलीपुढे बसली होती. सासूबाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा उठली.

मग बोलबाला झाला. शहाद्याच्या एका फौजदारांचा कुत्रा आला. नंदुरबारच्या जिनिंगवाल्या शेटाणीचा आला, तो गोड शिऱ्याशिवाय काही खायचा नाही. बाळंतपणं करणारी नर्सबाई रोज सकाळी आपली कुत्री सोडून जायची आणि दिवेलागणीला घेऊन जायची, कारण ती तिच्या मागोमाग लोकांच्या माजघरात शिरायची. फुई त्यांना कुत्री म्हणतच नसे. "मन्हा पावना," म्हणायची. माझे पाहुणे.

घरात इतके पाहुणे मावणार कसे? फुईने आबांकडे खळ्यातली खोली मागितली. मी ताक घुसळत होते, माझ्या समोरचीच गोष्ट. आबांनी बराच वेळ सुपारी कातरली. साहेबलोकांशी ओळखी होत होत्या, ते त्यांना हवंच होतं. "खळानी खोली ले," ते म्हणाले. "पन तठे मास शिजाले नको, अन जीव मराले नको. आपलं घर कोनतं शे ते ध्यानमा ठेव." फुईने मान हलवली. त्या दोन अटी तिला अटी वाटल्याच नाहीत. ती जन्मापासून त्यातच वाढली होती.

दसऱ्याच्या सुमाराला ती खोलीत गेली. शेणाने भुई सारवली, स्वतःच्या हाताने चूल घातली. वाकडी झाली होती, एक बाजू उंच. तवा कलायचा. मी म्हटलं, फुई, पुन्हा घालू या. तर म्हणाली, ऱ्हावा दे, मन्ही शे. आयुष्यात पहिल्यांदा ती तिच्या भुकेच्या वेळेला जेवायला लागली. मी दुपारची भाकरी पोचवायच्या निमित्ताने तिकडे जायची आणि तीच मला तिच्या चुलीवरची गरम भाकरी खायला घालायची. पदर खांद्यावर टाकून बसायची मुभा मला सबंध सासरात त्या एकाच ठिकाणी होती. मला तिचा हेवा वाटायचा. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा हेवा, आणि तो वाटणारी घरातली लाडकी सून! पण वाटायचा.

बाहेर कापसाची वेचणी चालू असायची. घरात पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकला होता, आम्ही त्याच्या बाजूने अंग चोरून जायचो. खळ्यातल्या कुत्र्यांच्या मिशांना तंतू चिकटलेले असायचे, ती शिंकायची आणि फुई एकेकाचं तोंड मांडीवर घेऊन ते पुसायची. ताकात कुस्करलेली भाकरी, तुरीच्या डाळीचं पाणी, एखाद्याला खरूज झाली तर हळद-तेल. रॉकेलमध्ये बुडवलेल्या काडीने गोचिड्या काढायच्या. दिवसभर ती त्यांच्याशी बोलत असायची. आमच्या स्वयंपाकघरात तिच्या तोंडून मी ‘हो’ आणि ‘आणते’ एवढंच ऐकलं होतं.

अशात जॅक आला. तळोद्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला हिंडणारे जंगलखात्यातले एक साहेब होते. त्यांना उत्तरेकडे कुठे ट्रेनिंगला जायचं होतं, थेट संक्रांतीनंतरपर्यंत. जॅक शिकारी कुत्रा. तपकिरी, उंच, कान लोंबते, डोळे सतत कशाच्या तरी मागावर. आबा त्या दिवशी स्वतः खळ्यात आले. आबांना नवं घर बांधायचं होतं आणि त्याला साग लागणार होता. जॅकला फुईकडे सोपवताना साहेबांपेक्षा आबांनीच जास्त सूचना दिल्या.

आठवड्याभरात जॅकने कोंबडी मारली. खळ्याच्या मागे भिल्लांची वस्ती, भिलाटी होती, तिथल्या वेस्ती नावाच्या बाईची. वेस्ती कोंबडी पायाला धरून, थेट आबांच्या ओट्यापुढे येऊन उभी राहिली. "तुन्हा कुत्रानी मन्ही कोंबडी मारी," एवढंच म्हणाली. आबांनी तिला धान्य देऊन वाटेला लावलं आणि फुईला बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर. "एकडाव व्हयनं," ते म्हणाले. "आखो एक जीव मरना, तर खोलीले कुलूप."

"नई मरनार, भाऊ," फुई म्हणाली. त्या एका खोलीवर तिचं काय काय टांगलेलं होतं ते मला माहीत होतं आणि आबांनाही माहीत होतं.

दुसरा कुणी असता तर त्याने जॅकला साखळीने बांधून ठेवलं असतं. फुईने वेस्तीकडून एक कोंबडी उसनी आणली. तिच्या पायाला सुतळी बांधली, जॅकला दोन गुडघ्यांमध्ये घेतलं, एक हात त्याच्या गळ्यावर ठेवला आणि बसून राहिली. तो ताठला की म्हणायची, "बठ. तिले नई. तिना बी जीव शे." तो ढिला पडला की भाकरीचा तुकडा. रोज. वेचणीच्या बायका येता-जाता हसायच्या. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, थंडी वाढली. ज्वारीवर पाखरं उतरायची, खळ्यात खारी यायच्या, आणि जॅक मान उचलायचा, फुईकडे बघायचा, पुन्हा मान टेकायचा. पौषात वेस्तीच्या कोंबडीची पिल्लं त्याच्या पाठीवर चढून दाणे शोधायला लागली. फुईने मला हाताला धरून ते दाखवायला नेलं. "देख पोरी, कसा गायसारखा व्हई गया." इतकी सुंदर मी तिला कधीच पाहिली नव्हती.

आता मी त्या गोष्टीचा विचार करते तेव्हा वाटतं, असली चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकत होती. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं की शिकारी कुत्रा परत करताना तो शिकार करेनासा झालेला असावा? फुईला मात्र खात्री होती की आपण साहेबाचा कुत्रा सुधारून देतोय. साहेब न्यायला आले तेव्हा ती डोक्यावरून पदर घेऊन पुढे झाली, साहेबलोकांशी ती कधी आपणहून बोलली नव्हती, आणि म्हणाली, "साहेब, आते हाऊ कोनालेच मारस नई." साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते जीपमध्ये जॅकचं अंथरूण ठेवून घेत होते. "छान, छान," म्हणाले.

माघात कापूस संपत आला. बोंडं झडून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. त्यात ससे आणि तितर लपून बसायचे. साहेब दोन पाहुणे घेऊन शिकारीला आले, आमच्याच शेतात. बंदुकीचे आवाज घरापर्यंत आले तेव्हा सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. आबा ओट्यावर होते. शेत आपलं, शिकार आपल्या शेतात, पण त्यांनी काही ऐकलं नाही असंच ते बसले होते.

दुपारी जीप खळ्यात येऊन थांबली. आबा लगबगीने गेले, मी पाण्याची कळशी घेऊन मागे. साहेबांचा चेहरा लाल झाला होता आणि पाहुणे हसू दाबत होते. शिपायाच्या हातात एक ससा आणि तितरांची जुडी. जॅक जीपच्या खाली जाऊन बसला होता.

"पाटील, तुमच्या बाईंनी माझा कुत्रा वाया घालवला," साहेब म्हणाले. "ससा जखमी होऊन पडला. हा धावत गेला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला. चाटत बसला त्याला! लोकांसमोर माझी शोभा केली. काय शिकवलंय काय याला?"

फुई खोलीच्या दारात उभी होती. तिने साहेबांकडे पाहिलंच नाही, आबांकडे पाहिलं. आबांनी एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, मीच तिला सांगितलं होतं, आमच्या खळ्यात जीव मारायचा नाही म्हणून. इतकं साधं. त्यांनी ते चारचौघांत अभिमानाने सांगितलंही असतं, एरवी. मी कळशी कडेवर धरून वाट बघत होते.

"बाईमाणूस आहे साहेब," आबा म्हणाले. "तिला काय कळतं? मी बंद करतो हे सगळं. आपण रागावू नका. आज जेवण आमच्याकडे."

"काय जेवण? वांग्याचं भरीत?" साहेब म्हणाले, आणि पाहुण्यांनी आता हसू दाबलं नाही.

आबाही हसले. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शिपायाच्या हातातल्या सशाकडे त्यांनी पाहिलं आणि मग फुईला म्हणाले, "चुल्हा पेटाड. साहेबना शिपाई रांधी लेई."

"भाऊ, आठे? या खोलीमा?"

"खळं काय घर शे का?"

बस. एवढंच. दसऱ्यापासून तिथे ज्या अटीवर ती जगत होती ती अट त्या वाक्याबरोबर गेली, आणि तिचं घरही. फुई आत गेली. तिने पऱ्हाट्या मोडून चुलीत घातल्या आणि फुंकर मारली. जाळ धरल्यावर बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. शिपायाने ससा सोलला. तवा कलतो म्हणून चुलीला दोन शिव्या दिल्या आणि उंच बाजू दगडाने ठेचून सारखी केली. तिखटाचा आणि मांसाचा वास खळ्यात पसरला, मी पदर नाकाशी धरला, आणि आबा साहेबांच्या पंक्तीला बाजूला बसून सागाच्या लाकडांच्या गोष्टी करत होते. स्वतः त्यांनी खाल्लं नाही. ते पुढे आयुष्यभर सांगायला मोकळे राहिले.

जेवता जेवता साहेबांनी एक हाड जॅकपुढे टाकलं. जॅकने वास घेतला आणि फुईकडे पाहिलं. पाहुण्यांना त्याचं पुन्हा हसू आलं. फुई उठली, त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि हाड उचलून त्याच्या तोंडाशी धरलं. "खाय," म्हणाली. "आते खाय." त्याने खाल्लं. हाड फुटल्याचा आवाज ती तिथेच बसून ऐकत होती.

जॅकला ते घेऊन गेले. पुढे तो शिपाई लाकडांच्या गाडीबरोबर आला तेव्हा म्हणाला, साहेबांनी नवा कुत्रा घेतलाय. जुन्याचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि फुईने विचारलं नाही. आबांनी खळ्यात गोमूत्र शिंपडून घेतलं, खोलीत उरलासुरला कापूस भरला आणि कुलूप लावलं. नर्सबाई सकाळी कुत्रीला घेऊन आली, कुलूप बघून घरी आली. फुई चुलीपाशी होती. सासूबाईंनीच बाहेर जाऊन सांगितलं की आता ते बंद आहे. कुत्री दाराबाहेर ओरडत राहिली. फुईने भाकरी थापायचं थांबवलं नाही.

नवं घर झालं. सागाची दारं, सागाचे खांब, गावात तोवर तसं घर नव्हतं. मी त्याच घरात राहते आणि त्या दारांना रोज हात लावते. दारं चांगली आहेत. साठ वर्षांत वाळवी लागली नाही. लोकांना मी जुनी माणसं कशी भली होती त्याच्या गोष्टी सांगाव्यात असं वाटतं. मी सांगत नाही. घरातल्या मोठ्यांच्या धर्माचा भार कुणी वाहिला आणि त्याचं पुण्य कुणी खाल्लं, हे एकदा नीट दिसलं की तोंडातून भलेपणाच्या गोष्टी निघत नाहीत. फुईवर दया दाखवणारे तेव्हाही खूप होते. बिचारी, देवभोळी, तिला काय कळतं. तिला सगळं कळत होतं. तिने फक्त आबांचा शब्द खरा धरला.

आबा गेले तेही कापसाच्याच दिवसांत, साठीचं दशक सरता सरता. तेराव्याला नव्या घराच्या ओसरीत पंगत बसली. पुढच्या खोलीत कापूस, दाराच्या फटींतून तंतू उडत होते, लोक पत्रावळीवर हात धरून जेवत होते. फुई वाढत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, हातात वरणाची बादली. म्हसावदहून आलेले एक लांबचे नातेवाईक आबांचे गुण सांगत होते. दानधर्म, शब्दाचे पक्के, वगैरे. "अन धरम कसा पाळा!" ते म्हणाले. "आबाना खळामा कधी मुंगी बी मरनी नई."

फुई त्यांच्यापुढेच होती. तिने पळी वरणात ठेवली.

"ससा शिजना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सबंध पंगतीला ऐकू गेलं. "मन्हा चुल्हावर. आबानीच चुल्हा पेटाडाले सांगं."

त्या नातेवाइकांनी भात कालवायला घेतला. माझे पती खाली बघत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "फुई, वरन थंड व्हई ऱ्हायनं."

मला राहवेना. मी पुढे झाले आणि तिच्या हातातून बादली घ्यायला लागले. म्हटलं, फुई, तुम्ही बसा, आज मी वाढते. तिने बादलीची कडी घट्ट धरली.

"ऱ्हावा दे पोरी," ती म्हणाली. "या घरमा मन्हं दुसरं काय शे?"

आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.